सम्राटाच्या शेल्याचा काठ



जयंतीचे दिवस जवळ आले की वसाहतीवसाहतींतून चित्ररथाच्या बैठका सुरू होतात. ट्रक कोणाचा, जनरेटर कोणाचा, बोधिवृक्षाची फांदी कोठून आणायची आणि सम्राट अशोक कोणी व्हायचे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळते. उंचापुरा, रुंद खांद्यांचा एखादा भाऊ प्रत्येक वसाहतीत असतोच. खरी अडचण पुढे येते. त्याने घालायचे काय? मग कोणीतरी ड्रेपरीवाल्याकडे धावतो आणि मखमली अंगरखा, नकली जरीची लेस, सुरवार व टोकदार मोजड्या भाड्याने घेऊन येतो. तोच अंगरखा मागच्या महिन्यात कोणत्या तरी नाटकात मोगल सरदाराच्या अंगावर असतो. त्याच्या आधी तो एखाद्या शाळेच्या संमेलनात राजपुत्राच्या अंगावर असतो. आपण तो सम्राट अशोकाच्या अंगावर चढवतो आणि लहान मुले ते चित्र मनात घेऊन घरी जातात.

आमच्या वसाहतीत यंदा हे काम माझ्या एका मित्राकडे आले. तो बसचालक आहे. शाळेपासूनची मैत्री, त्यामुळे तो अरे-तुरेनेच बोलतो. एका रविवारी घरी आला आणि म्हणाला, "मला तो मखमली कोट नको. उन्हात जीव जातो आणि आरशात बघितलं तर मी सर्कशीतला वाटतो. तू पुस्तकं वाचतोस ना, मग सांग, सम्राट नेसत काय होता?" प्रश्न साधा होता, पण त्याच्या मागे दोन हजार वर्षे उभी होती.

सुदैवाने दगड बोलतात. सांचीच्या तोरणांवर बोधिवृक्षाच्या दर्शनाला आलेला राजा कोरलेला आहे आणि अभ्यासक त्याला अशोक म्हणून ओळखतात. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात कनगनहळ्ळी येथे स्तूपाच्या उत्खननात एक शिल्पपट मिळाला. त्यावर राजा-राणी आणि सेविका आहेत आणि ब्राह्मी लिपीत 'रायो असोको', म्हणजे राजा अशोक, असे नावच कोरलेले आहे. हे ठिकाण भीमा नदीच्या काठावर आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात उगम पावणारी, पंढरपुरावरून जाणारी तीच भीमा. एवढे लांब जाणे जमत नसेल तर लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे जा. दर्शनी भिंतीवरची दांपत्ये नीट बघा. साधारण त्याच घडणीचा पोशाख तेथेही दिसतो.

काय दिसते? शिवलेला अंगरखा कोठेच नाही. कमरेला नेसलेले धोतरासारखे वस्त्र, खांद्यावरून घेतलेला शेला, डोक्याला भरघोस गुंडाळलेला फेटा, आणि कमरेला गाठ मारून पुढे टोके सोडलेला पट्टा. गळ्यात, कानात, दंडात अलंकार. म्हणजे सम्राटाचे सगळे वैभव न शिवलेल्या कापडात आणि त्याच्या काठात! मी मित्राला म्हणालो, "मखमल रद्द. पांढरे सुती धोतर तुझ्या घरी आहे, शेला माझ्या घरी आहे. प्रश्न फक्त काठाचा उरला." तो म्हणाला, "मग बाजारातून लेस आणू." मी म्हणालो, "लेस नको. विणू."

कमरेच्या पट्ट्याची गोष्ट निघालीच आहे तर विनयपिटकातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. चुल्लवग्गात तो आला आहे. एक भिक्खू कमरपट्टा न बांधता गावात भिक्षेला गेला. भर रस्त्यात त्याचे अंतर्वस्त्र सुटून खाली पडले. लोक ओरडले, हसले. भिक्खू शरमला. तथागतांना ही हकीकत कळली तेव्हा त्यांनी नियम घालून दिला की, कमरपट्ट्याशिवाय कोणीही गावात जाऊ नये. पुढे काही हौशी भिक्खू नाना तऱ्हेचे नक्षीदार पट्टे वापरू लागले. लोकांनी नावे ठेवली, की हे तर संसारी लोकांसारखे नटतात. तेव्हा भगवंतांनी दोनच प्रकारच्या पट्ट्यांना परवानगी दिली. त्यांतला एक 'पट्टिका', म्हणजे साधी सपाट विणलेली पट्टी. इतक्या लहान गोष्टीचाही विचार धम्मात आहे. भिक्खूला नक्षी नको, कारण त्याने सगळे सोडले आहे. राजाच्या पट्ट्याला नक्षी चालते. पण नक्षी असो वा नसो, पट्टीचे मूळ काम एकच, अंगावरचे वस्त्र आणि माणसाची अब्रू सांभाळणे.

आता विणायची कशी? आपल्यापैकी फार थोड्या घरांत हातमाग उरला आहे. पण अरुंद पट्टी विणायला माग लागतच नाही. लागतात ते पत्ते! होय, खेळायचे पत्ते. चौकोनी तक्त्यांना चार कोपऱ्यांत चार भोके पाडून त्यांतून धागे ओवायचे आणि तक्त्या फिरवून विणायचे, ही जगातली फार जुनी कला आहे. नॉर्वे देशात ओसेबर्ग येथे १९०४ साली जमिनीत पुरलेले एक जहाज उकरून काढले. ते इसवी सन ८३४ मध्ये दोन स्त्रियांच्या दफनासाठी पुरलेले होते. त्यात बावन्न लाकडी तक्त्यांचा जुडगा सापडला आणि त्यात अर्धवट विणलेल्या पट्टीचे धागे तसेच अडकलेले होते. हजाराहून अधिक वर्षे ते काम तसेच थांबून राहिले होते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण ब्रह्मदेशाचे. तेथे ताडपत्रावर लिहिलेले धम्मग्रंथ कापडात गुंडाळून वर लांबलचक पट्टी बांधत. तिला 'साझीजो' म्हणतात. ती याच तक्त्यांवर विणलेली असे. पट्टीत नुसती नक्षी नसे, तर अक्षरे विणलेली असत. ग्रंथ कोणी दान दिला, त्याचे पुण्य सर्वांना लाभो, असा मजकूर धाग्याधाग्याने त्यात गुंफलेला असे. अशा पट्ट्या आज ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. १९५४ साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांना दीक्षा देणारे पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशचेच. त्या देशाशी आपले नाते जुने आहे. धम्मग्रंथाला दोरीने न बांधता स्वतः विणलेल्या पट्टीने बांधावे, ही तेथील उपासकांची भावना मला फार मोलाची वाटते.

माझ्या मित्रासाठी केलेली पट्टी ही अशोककाळाची हुबेहूब नक्कल आहे, असा माझा दावा नाही. पण ती हाताने विणलेली आहे, सुताची आहे, आणि तिचा प्रत्येक धागा कोठून आला हे आम्हाला ठाऊक आहे. कृती सांगतो, म्हणजे माता-भगिनींना आणि मुलांनाही करून बघता येईल.

पत्त्यांच्या जुन्या जोडातले वीस पत्ते घ्या. ते कापून चौरस करा. चारही कोपऱ्यांत, कडेपासून थोडे आत, पंचिंग मशीनने एकेक भोक पाडा. भोकांना क्रमाने क, ख, ग, घ अशी नावे द्या. सगळ्या पत्त्यांवर ती एकाच क्रमाने हवीत. एका पत्त्यातून चार धागे जातात. वीस पत्ते म्हणजे ऐंशी धागे. धागा क्रोशाचा सुती घ्यावा. तो पक्का पिळलेला असतो, सहजासहजी तुटत नाही.

आता हिशेब. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यामुळे हिशेबाशिवाय मला पुढे जाता येत नाही! शेल्याच्या दोन पदरांना नव्वद-नव्वद सेंटिमीटर आणि कमरपट्ट्याच्या दोन लोंबत्या टोकांना साठ-साठ सेंटिमीटर, असा एकूण तीन मीटर काठ हवा होता. विणताना धागा आखडतो, त्याचे अर्धा मीटर धरले. दोन्ही टोकांना बांधण्यात वाया जाणारा अर्धा मीटर. म्हणजे प्रत्येक धागा चार मीटर. ऐंशी गुणिले चार, तीनशेवीस मीटर. त्यात तांबडा १९२, पिवळा ६४ आणि निळा ६४ मीटर. आडव्या धाग्यासाठी निळा थोडा जास्तीचा घेतला. सगळा धागा दोनशे रुपयांच्या आत आला.

दोन्ही कडांचे दोन-दोन पत्ते पूर्ण निळे. मधल्या सोळा पत्त्यांत प्रत्येकी तीन धागे तांबडे आणि एक पिवळा. पहिल्या पत्त्यात पिवळा धागा 'क' भोकात, दुसऱ्यात 'ख'मध्ये, तिसऱ्यात 'ग'मध्ये, चौथ्यात 'घ'मध्ये, पाचव्यात पुन्हा 'क'. असे आठ पत्ते झाले की उरलेले आठ उलट क्रमाने, आरशात दिसावे तसे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. डावीकडच्या निम्म्या पत्त्यांत धागे दर्शनी बाजूने आत घालायचे, उजवीकडच्या निम्म्यांत मागच्या बाजूने. असे केले की दोन्ही अंगांचा पीळ समोरासमोर येतो आणि नक्षीच्या रेषा स्वच्छ दिसतात.

सगळे धागे विंचरून सारखे करावेत. एक टोक खिडकीच्या गजाला बांधावे, दुसरे टोक कमरेच्या पट्ट्याला. आपणच माग! थोडे मागे सरकले की धागे ताणले जातात, पुढे झुकले की सैल पडतात. चार मीटर लांबी खोलीत मावत नाही, म्हणून खिडकीकडच्या जास्तीच्या धाग्यांची साखळी गुंफून ठेवावी आणि लागेल तशी सोडावी. सगळे पत्ते एका गठ्ठ्यात दोन्ही हातांत धरून पाव फेरा पुढे फिरवले की वरच्या आणि खालच्या धाग्यांत फट पडते. त्या फटीतून आडवा धागा न्यायचा, फूटपट्टीने ठोकून घट्ट बसवायचा. पुन्हा पाव फेरा. चार वेळा पुढे, चार वेळा मागे. पुढे फिरवताना पिवळ्या रेषा एका दिशेला बाणासारख्या जातात, मागे फिरवताना उलट दिशेला वळतात, आणि दोन्ही मिळून शंकरपाळ्यासारखी नक्षी उमटते. सतत पुढेच फिरवत राहिले तर न विणलेल्या धाग्यांत पीळ साठतो आणि पत्ते फिरेनासे होतात. पुढे जितके, तितकेच मागे गेले की पीळ आपोआप सुटतो.

हात बसल्यावर तासाला पंधरा सेंटिमीटर होतात. तीन मीटरला वीस तास. मी रोज रात्री जेवणानंतर तासभर बसलो. तीन आठवड्यांत काठ पुरा झाला.

मंडळाच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने स्पष्ट विचारले, "काका, राजाच्या कपड्यावर एवढा वेळ घालवण्यापेक्षा मुलांच्या वह्या-पुस्तकांचं बघितलं तर?" प्रश्न योग्य होता. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या तरुणाने असेच विचारले पाहिजे. मी त्याच्यापुढे हिशेब ठेवला. ड्रेपरीचे भाडे वाचले, ते अभ्यासिकेच्या खात्यात जमा झाले. काठ पुढच्या वर्षीही चालेल, त्याच्याही पुढच्या वर्षी चालेल. आणि चित्ररथावर आपण राजाचा थाट दाखवत नाही. अशोकाच्या आठव्या शिलालेखात म्हटले आहे की, पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या आठव्या लेखाचा तुकडा आपल्या मुंबईजवळ सोपाऱ्याला सापडला आहे. शिकार सोडून धम्माच्या वाटेला लागलेला माणूस आपण दाखवतो. तो खरा दिसला पाहिजे. खोट्या मखमलीत तो दिसत नाही. तरुणाने मान डोलावली आणि धागे विंचरायला तोच पुढे आला.

पण या कामाचा खरा अर्थ मला मित्राच्या आईने शिकवला. आम्ही सगळे तिला माई म्हणतो. वय ऐंशीच्या घरात आहे. मित्राचे आजोबा, म्हणजे माईचे सासरे, मुंबईतल्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. काठ तयार झाल्यावर मी तो दाखवायला गेलो. माईने तो हातात घेतला, उलटा करून बघितला, बोटाने धाग्यांवरून चाचपला आणि विचारले, "ह्यो साच्यावर घातला का रं?"

मी म्हणालो, "नाही माई, खिडकीच्या गजाला बांधून विणला."

ती हसली. मग गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामंजी म्हनायचे, सूत आपण काढायचं, कापड मातर दुसऱ्यानं इनायचं. साचेखात्याच्या दारातनं आत पाय टाकू देत नव्हते."

नव्या पिढीतल्या किती मुलांना ही गोष्ट माहीत आहे? मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या, म्हणजे साचेखात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. साचेखात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळ तोंडाचा आणि भुर्दंड पोटाला! लाल बावट्याखाली एकत्र लढणारे कामगारसुद्धा साच्याजवळ आले की जात आठवत. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. भांडवलदाराकडून न्याय मागता, मग आपल्याच कामगार भावाला न्याय का देत नाही, असा त्या मागणीचा आशय होता.

आणि यात आणखी एक दुखणे आहे. विणकाम आपल्याला नवे नव्हतेच. विदर्भातली आपली कित्येक कुटुंबे हातमागावर जाडेभरडे कापड विणून पोट भरीत होती. नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांचे स्वस्त कापड खेड्यापाड्यांत पोहोचले आणि घरातले माग बसले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावाला कापड पुरवले त्यांच्याच नातवांना मुंबईच्या साच्याला हात लावू दिला नाही. गावाच्या रूढीने तर आणखी पुढची मजल गाठली होती. कोणी कसे नेसावे, अंगावर काय घालावे, हेही जातीने ठरवलेले. मनुस्मृतीने चांडाळाला मेलेल्यांची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. त्याच मनुस्मृतीची होळी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाली. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. जातीची खूण सांगणारी नेसण आणि दागिने टाकून द्या, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्यांचा उपदेश होता. जमलेल्या आयाबायांनी घरी जाण्याचीही वाट पाहिली नाही. तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. लुगड्याचा काठ गुडघ्यावरून घोट्यापर्यंत खाली आला. काठ एवढासा खाली आला, पण त्याने माणूस केवढा वर आला!

म्हणून कपड्याचा काठ ही मला निव्वळ हौसेची गोष्ट वाटत नाही. माईने काठ परत देताना एवढेच म्हटले, "मामंजींना दावायला पायजे हुतं." मित्र खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन आला आणि शेल्याला काठ त्याने स्वतः शिवला. मी शिवतो म्हटले तर म्हणाला, "नको. एवढं तरी माझ्या हातानं होऊ दे."

भगिनींनो आणि बंधूंनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले घरी असतात. त्यांच्या हाती जुन्या पत्त्यांचे आठ तुकडे द्या, दोन रंगांचे सूत द्या आणि एक वीतभर पट्टी विणायला सांगा. विणता विणता त्यांना साचेखात्याची गोष्ट सांगा, महाडची सांगा, घरात कोणी गिरणीत वा मागावर काम केले असेल तर त्यांचे नाव सांगा. आजी-आजोबा हयात असतील तर त्यांनाच सांगू द्या, कारण ही माहिती पुस्तकांपेक्षा त्यांच्याजवळ जास्त आहे आणि ती त्यांच्याबरोबर निघून चालली आहे. पट्टी पुरी झाली की घरातल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाला स्वच्छ कापडात गुंडाळून तिने बांधा. रोज वंदनेच्या वेळी गाठ सोडायची, पान वाचायचे, पुन्हा गाठ बांधायची. मात्र गाठ सैल असू द्या. ग्रंथ बांधून ठेवण्यासाठी नसतो, वाचण्यासाठी असतो.

जयभीम! नमो बुद्धाय!